इतर अधिकार

सातबाराच्या उताऱ्यावर एक अरुंद रकाना असतो. जमीन ज्यांची, त्यांची नावं ठळक जागी. आणि जमिनीशी काही नातं आहे, पण जमीन ज्यांची नाही, अशा उरलेल्यांची सोय या रकान्यात. विहिरीतला कुणाचा पाण्याचा वाटा, बांधावरून जाण्याची कुणाची वाट, एखाद्या मेलेल्या कुळाचं पुसायचं राहून गेलेलं नाव. रकान्याला नाव आहे ‘इतर अधिकार’. अरुंधतीने बारा वर्षांत असे हजारो उतारे वाचले होते. अलीकडे उतारा हातात घेतला की तिची नजर आधी तिथेच जाई, जशी भरल्या घरात कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्याकडे जाते.

तिचं काम रेघ ओढण्याचं. जालन्यालगतच्या मुख्य वाहिनीपासून जाफराबादपर्यंत नैसर्गिक वायूची एक नवी शाखा न्यायची होती. ती कुठल्या गटातून जाईल, कुठल्या विहिरीला वळसा घालील, कुठल्या नाल्याखालून शिरेल, हे ठरवून प्रत्येक शेतकऱ्याच्या कागदावर ते उमटवायचं. कंपनीच्या जालन्यातल्या भाड्याच्या कार्यालयात ती कंत्राटी भूमी-सल्लागार होती. कंत्राट मार्चअखेर संपणार होतं. लोकांना ती शांतपणे समजावून सांगे : जमीन तुमचीच राहते, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. नळ जमिनीच्या पोटात; वर पुन्हा कापूस लावा, सोयाबीन पेरा. वीस मीटरच्या त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खोदायची नाही, झाड लावायचं नाही. एवढं सांगून झालं की ती विचारी, ‘हरकत नाही ना?’ आणि बहुतेक लोक, कंटाळून किंवा भलेपणाने, म्हणत, ‘हरकत न्हाई.’

कायद्यात आणखी एक कलम होतं, ते सांगण्याची वेळ क्वचित येई. अधिसूचना निघण्याआधीपासून जिथे माणूस राहतो आहे, त्या जागेखालून नळ नेता येत नाही.

मौजे बाभुळखेड्यातून हरकती निरंक होत्या. एकवीस दिवसांची मुदत सोमवारी संपली, आणि अरुंधतीने तक्त्यात ‘निरंक’ लिहिलं. हा शब्द तिला आवडायचा. शून्याला इतकं नितळ नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत नसेल, असं तिला वाटे. निर् आणि अंक, आकडाच नाही, आणि तरीही कानाला किती भरलेलं.

मंगळवारी दुपारी, म्हणजे बाविसाव्या दिवशी, एक बाई कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. साठीच्या आसपासची, उन्हाने रापलेली, नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला.

‘पाइपवाल्या बाई कोण हितं?’

‘मी. या, बसा.’

‘बसाया न्हाई आले. माघारी बस अडीचची हाय.’ तिने कमरेच्या पिशवीतून एक किल्ली काढली आणि टेबलावरच्या नकाशावर ठेवली.

‘हे काय?’

‘किल्ली.’

‘ते दिसतंय. कशाची?’

‘तुमच्या कागदात एक गोठा लिव्हलाय ना, एकशे अठरा गटात, नाल्याच्या कडंला? त्याची. काल कोतवालानं कागद वाचून दाखिवला मला.’ तिने समोरच्या कारकुनाकडे, मग पुन्हा अरुंधतीकडे पाहिलं. ‘गोठ्याला कुलूप असतंय का बाई? ढोरं काय आतून कडी लावून झोपतेत?’

कारकून हसला. अरुंधती हसली नाही. गट एकशे अठरा तिला नीट आठवत होता. डिसेंबरातली संयुक्त मोजणी. जमिनीचे मालक भुजंग तिच्यासोबत मोसंबीच्या बागेत फिरत होते. पहिल्या आखणीप्रमाणे रेघ रस्त्याच्या कडेने येत होती. त्यात मोसंबीच्या दोन ओळी गेल्या असत्या. ‘म्याडम, नाल्याकडून घ्या की,’ ते म्हणाले होते, ‘तिकडं पोटखराबा हाय, पिकत न्हाई काही. कुणाचं काही जात न्हाई.’ त्यांनी हातावर दोन मोसंब्या ठेवल्या होत्या. उपग्रहाच्या छायाचित्रात नाल्याकाठी एक रुपेरी चौकोन दिसत होता. तिने त्याबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ‘ढोरायचा गोठा हाय. पत्रे उचलून ठिवू, त्याचं काय एवढं.’ मध्ये तुरीचं उभं पीक होतं, सूर्य कलला होता, चौकोन तीनएकशे पावलांवर होता. ती चालत गेली नाही. तिने उभ्या उभ्या लिहिलं : पत्र्याचे शेड (गोठा) एक, हलविण्यायोग्य. मनुष्यवस्ती निरंक.

‘तुमचं नाव?’ तिने विचारलं.

‘सगुणाबाई. मी ऱ्हाते तिथं.’

‘भुजंगराव तुमचे कोण?’

‘पाठचा भाऊ.’

‘किती वर्षं राहताय?’

‘एकुणतीस. नवऱ्यानं टाकल्यावर दोन वर्सं घरात काढले. मंग भावजयीचं अन् माझं भांड्याला भांडं लागून राह्यलं, तर बापानं नाल्याकडं खोली घालून दिली. मरायच्या आधी तलाठ्याला घरी बोलवून नावबी घालून गेल्ता.’ तिने प्लास्टिकच्या पिशवीतून घडीच्या जागी फाटलेला उतारा काढला आणि बोट बरोबर त्या रकान्यावर ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण जागा पाठ होती. सगुणाबाई — अन्नवस्त्र व राहण्याचा हक्क, हयातीपर्यंत.

अरुंधतीने ती ओळ पूर्वीही वाचली असणार. वाचली होती, आणि तिच्याखाली पेन्सिलीने खूण करून पुढे गेली होती.

‘रेशनकार्ड कुठल्या पत्त्यावर आहे?’

‘भुजंगाच्या कार्डात हाय मी.’

‘विजेचं बिल?’

‘वीजच न्हाई, तर बिल कोण देतंय?’

‘मतदानाचं कार्ड?’

‘त्याच्यावर गावातल्या घराचा नंबर.’ सगुणाबाईने किल्लीवर बोट ठेवलं. ‘म्हणून तर किल्ली आणली.’

‘हरकतीची मुदत काल संपली, बाई.’

‘मला काय ठावं मुदत. कागद भुजंगाला आल्ता. सही त्यानं केली.’ तिने घड्याळाकडे पाहिलं आणि किल्ली उचलून पुन्हा पिशवीत टाकली. ‘ही ठिवून घेऊ नका. दिवस मावळताना दार कसं उघडू?’

ती गेल्यावर नकाशावर, किल्ली होती तिथे, काहीच खूण राहिली नव्हती. अरुंधतीला दोन्ही वाटा स्पष्ट दिसत होत्या. ‘हरकत मुदतबाह्य’ असा शेरा मारला की प्रकरण मिटलं. कुणी विचारायला येणार नव्हतं. दुसरी वाट म्हणजे पुन्हा जागेवर जायचं आणि आपलाच पंचनामा खोटा होता, हे आपल्याच हाताने लिहायचं. मग रेघ सरकणार, नव्याने अधिसूचना, नवे एकवीस दिवस, चार-पाच महिन्यांचा खोळंबा. आणि मार्च तोंडावर.

संध्याकाळी ती घरी आली. आईवडील गेल्यापासून तीन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहत होती. जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या माघारी तिने घेतलेल्या दोन खुर्च्या. एकीच्या गादीचा रंग बसून बसून उडाला होता, दुसरीचा दुकानातून आणल्या दिवशी होता तसाच. टेबलावर एक पाकीट आठवड्यापासून पडून होतं. निखिलने, तिच्या धाकट्या भावाने, पुण्याहून पाठवलेलं हक्कसोड पत्र. दिवाळीत तो म्हणाला होता, फ्लॅट विकून टाकू, तू एकटी तिथे काय करणार, तुझी हरकत नाही ना? आणि तिच्या तोंडून, इतरांच्या तोंडून ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं ते वाक्य सहज निघून गेलं होतं : हरकत नाही. सही कुठे करायची, तिथे वकिलाने पेन्सिलीने फुलीही करून ठेवली होती. तिने पाकीट उचलून रंग न उडालेल्या खुर्चीवर ठेवलं आणि जेवायला बसली.

सकाळी कंपनीची जीप घेऊन पप्पू ड्रायव्हर आला. बाभुळखेड्याला जायचं म्हटल्यावर तो चकित झाला.

‘म्याडम, तिथली लाइन तर फायनल झाली ना?’

‘झाली.’

‘मंग? फायनल झाल्यावर पाह्यला जाणं म्हंजे लग्न लागल्यावर पोरगी पाह्यला गेल्यासारखं झालं.’

‘तसंच आहे,’ ती म्हणाली, आणि पप्पूने जीप रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंना हरभऱ्याचे ढीग पडले होते. वाऱ्यावर मधूनच मोसंबीच्या बहराचा वास येई आणि कुणीतरी बोलता बोलता थांबावं तसा तुटून जाई.

शेतात भुजंग उभेच होते. जीप येतेय हे कुणीतरी कळवलं असणार. सोबत कोतवाल धर्मराज. गावात नोटिसा पोहोचवणं आणि चावडीवर चिकटवणं हे त्याचं काम.

‘काय काढलं म्याडम अचानक? सरबत घ्या आधी.’

‘आधी नाल्याकडे जाऊ.’

‘तिकडं काय हाय पाह्यसारखं?’

‘तेच पाहायचंय.’

आता तूर निघून गेली होती. तीनशे पावलं सगळी उघडी होती. चालताना अरुंधतीला वाटलं, एवढंसंच अंतर होतं, आणि या अंतराला आपण निरंक म्हटलं.

खोली एकच. भिंती विटांच्या, वर पत्रे, पत्रे उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले. अंगण शेणाने सारवलेलं. सगुणाबाई दारात उभी होती. तिने या म्हटलं नाही, फक्त बाजूला झाली. आत चूल, दोन पातेली, काठावर ओळीने मांडलेले तीन पेले, गोधडीची चोख घडी. भिंतीवर खिळ्याला एक लहानसा आरसा, जमिनीवर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याच्या उंचीवर. अरुंधती वाकली, तेव्हा तिला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. ती तशीच क्षणभर थांबली. गोठ्यात आरसा कुणासाठी लावतात?

‘दिवसा पाय टेकाया येती आक्का हितं,’ भुजंग बाहेरून म्हणाले. ‘झोपाया घरीच असती. का गं आक्का?’

‘खोटं बोलताना आक्का नको म्हणू,’ सगुणाबाई म्हणाली.

‘म्यां तुला कधी उपाशी ठिवलं का? सांग म्याडमला. लुगडं, दवाखाना, कशाला कमी केलं का?’

‘न्हाई केलं. कोण म्हणतंय केलं?’

भुजंगांनी अरुंधतीला बांधाकडे बाजूला घेतलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्यात राग नव्हता, एक थकवा होता. ‘म्याडम, आमच्या पोरासाठी, भारतसाठी पोरी पाहून राह्यलो तीन वर्सांपासून. सोयरे येतेत, चहा पितेत, अन् म्हणतेत सातबारा दाखवा. उताऱ्यावर ही दिसती. कोण ही? का ऱ्हाती? हिचं काय निघतंय पुढं? दोन ठिकाणं मोडले त्याच्यापायी. माझ्या तोंडानं तिला उठ म्हणवत न्हाई. सरकारची पाइप आली असती, खोली आपोआप गेली असती, ती घरात आली असती. नावबी कमी झालं असतं. कुणावर बोल न्हाई.’

अरुंधती त्यांच्याकडे पाहत राहिली. माणूस वाईट नव्हता. स्वतःला जे म्हणवत नव्हतं, ते त्याने तिच्या रेघेकडून म्हणवून घेतलं होतं, इतकंच. आणि तिने दोन मोसंब्या पर्समध्ये टाकून ती रेघ ओढून दिली होती.

ती परत खोलीशी आली. सगुणाबाई अंगणात बसली होती.

‘बाई, धर्मराज म्हणत होता, तुमची पाइपबी त्याच रकान्यात लिव्हतेत म्हणं. माझ्या नावाच्या खाली.’

‘हो. इतर अधिकारात.’

‘मंग आम्ही दोघी शेजारणीच की!’ ती पहिल्यांदा हसली. ‘खरं सांगू, मला बरं वाटलं व्हतं ऐकून. एवढ्या वर्सांत त्या रकान्यात कुणी आलंच न्हाई माझ्याजवळ. ती खाली, मी वर. मी काय जड होते का तिला?’

‘दोघींना एका जागी राहता येत नाही,’ अरुंधती म्हणाली. ‘कायदा तसा आहे. तिथे माणूस राहत असेल तर ती येत नाही. ती आली तर माणसाला राहता येत नाही.’

सगुणाबाईने विचार केला. ‘मंग तिला म्हणा, दुसरीकडून जाय. मी आधी आल्ते.’

पप्पूने उघड्या शेतातून जवळ आणलेल्या जीपच्या बॉनेटवर अरुंधतीने कागद पसरला. ‘प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता, सदर पत्र्याचे शेड हे शेड नसून अधिसूचनेपूर्वीपासूनचे राहते घर असल्याचे आढळून आले. पूर्वीच्या पंचनाम्यातील नोंद जागेवर न जाता केलेली असून ती चूक माझी आहे.’ पेन थोडं थांबलं. मग तिने पुढच्या ओळीत लिहिलं : ‘मनुष्यवस्ती : एक.’ निरंकाच्या जागी एक. त्या आकड्याला आपल्या शेजारी काहीच नको होतं, किंवा नव्हतं.

पंच म्हणून दोघं हवे होते. तिने धर्मराजकडे पाहिलं. तो टोपी काढून डोकं खाजवू लागला.

‘म्याडम, मला ह्याच गावात ऱ्हायचंय. मालक हितं उभे हायेत.’

‘जबरदस्ती नाही.’

तो दोन पावलं गेला आणि परत आला. ‘नोटीस चावडीवर म्यांच डकवली. हिला वाचता येत न्हाई हे मला ठावं व्हतं. एकवीस दिवस रोज हिच्या दारावरून गेलो, अन् सांगितलं कधी, तर मुदत सरताना. द्या पेन.’

शेजारच्या हरभऱ्यात काम करणारी नंदाबाई मगापासून कंबरेवर हात देऊन पाहत होती. ती आपण होऊन आली. ‘माझा अंगठा घ्या. हिच्या घरचं पाणी पिते मी रोज. गोठ्यातलं पिले असते काय इतकी वर्सं?’

भुजंगांसमोर कागद धरला, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. अरुंधतीने लिहिलं, खातेदाराने सही करण्यास नकार दिला. ते बहिणीपुढे जाऊन उभे राहिले. खूप काही बोलतील असं वाटलं, पण एवढंच म्हणाले, ‘आक्का, भारतची सोयरीक जमली तर साखरपुड्याला येऊ नको.’ आणि मोसंबीच्या बागेकडे चालू लागले. पांढऱ्या बहरात त्यांचं पांढरं धोतर मिसळून गेलं. मग ते कुठे संपले आणि झाडं कुठे सुरू झाली, ते कळलं नाही.

नंदाबाई कामाला गेली. धर्मराज गेला. सगुणाबाई तशीच बसून होती.

‘ही काय, जीत झाली म्हणायची का माझी?’

अरुंधतीने कागदाची घडी घातली.

‘पाइप न्हाई येणार मंग?’

‘नाल्यापलीकडून जाईल. दुसऱ्या गटातून.’

‘म्हंजे तुमचंबी येणं न्हाई हिकडं.’

‘नाही.’ आणि मग, ते खोटं आहे हे दोघींनाही ठाऊक असताना, ‘येईन कधी.’

‘या,’ सगुणाबाई म्हणाली. ती उठली, आत गेली. ऊन डोक्यावर होतं, झोपायची वेळ नव्हती. तरी अरुंधती जीपकडे वळली तेव्हा तिला मागून आवाज आला. आतून कडी लावल्याचा. कागदावर कुठेही न बसणारा, पण सगळ्या पुराव्यांहून पक्का असा तो आवाज ऐकून ती थबकली, आणि मग चालू लागली.

कार्यालयाने अपेक्षेप्रमाणे खुलासा मागवला. तिने तो एका पानात दिला. रेघ नाल्यापलीकडे सरकली; कंत्राटाबद्दल कुणी होय म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिने संगणकावर गट एकशे अठराचा ताजा उतारा उघडला. तो रकाना होता तसाच होता. एक ओळ, एक नाव, खाली मोकळी जागा. शेजारीण आली नव्हती.

त्या रविवारी दुपारी निखिलचा फोन आला. पुण्यातल्या त्याच्या घरात मागे मुलांचा गलका चालला होता.

‘ताई, अगं ते पत्र पाठवलंस का? गिऱ्हाईक घाई करतंय.’

‘नाही पाठवलं.’

‘सही राहिलीय का फक्त? तुझी हरकत नाही म्हणाली होतीस ना?’

रंग न उडालेल्या खुर्चीवर पाकीट तसंच होतं. तिला जाणवलं की या घरात आपलं नाव कुठल्याच बिलावर नाही. वीज वडिलांच्या नावाने येते, पाणीपट्टी आईच्या. पत्ता विचारला तर आपण अजूनही ‘वडिलांचं घर’ म्हणतो.

‘आहे,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘हरकत आहे.’

पलीकडचा गलका थोडा दूर गेला. तो दुसऱ्या खोलीत गेला असावा. ‘अगं, पण का? एकटी कशाला एवढ्या जागेत... मी तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय. तिथे आता आहे काय?’

काय सांगायचं याची तिने मनात जुळवाजुळव केली. वारस, हिस्सा, कलमं, सगळं तिला तोंडपाठ होतं. त्यातलं काहीच उपयोगाचं वाटलं नाही.

‘मी राहते इथे,’ ती म्हणाली.

निखिल म्हणाला, ‘बरं,’ आणि ते कुठल्या अर्थाने, हे न कळता फोन बंद झाला. अरुंधतीने पाकीट खुर्चीवरून उचलून कपाटात ठेवलं. मग त्या खुर्चीवर, दुपारभर, ती स्वतः बसून राहिली.